तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायमर पानात तुटला की नळीत?

"म्युटंटमध्ये एलएचसी-२ चा ट्रायमर जवळजवळ नाही, मोनोमरच आहे. कॉम्प्लेक्स अस्थिर झालंय असं लिहायला हरकत नाही ना?" सोबत ब्लू-नेटिव्ह जेलचा (प्रथिनांचे संच न मोडता निळ्या रंगाच्या मदतीने वेगळे करणाऱ्या जेलचा) फोटो. एलएचसी-२ म्हणजे पानात प्रकाश गोळा करणारं प्रथिन-क्लोरोफिलचं कॉम्प्लेक्स; तीन जुळलेले म्हणजे ट्रायमर, सुटा एक म्हणजे मोनोमर. हा प्रश्न सतत येतो. माझं उत्तर दरवेळी 'थांबा' असं असतं आणि विचारणाऱ्याला ते टाळाटाळ वाटतं. म्हणून एकदा सविस्तर.

ट्रायमर म्हणजे नुसती तीन प्रथिनं आणि ४२ क्लोरोफिलं नव्हेत. पालकाच्या एलएचसी-२ ची २.७२ अँगस्ट्रॉमची रचना २००४ मध्ये आली. तिच्यात मोनोमरच्या सांध्याशी फॉस्फॅटिडिलग्लिसेरॉल हे लिपिड बसलेलं दिसतं आणि त्याचा फॉस्फेट एका क्लोरोफिल-ए च्या मॅग्नेशियमला धरून असतो. फॉस्फोलिपेझने हे लिपिड कापलं की ट्रायमरचे मोनोमर होतात, हे त्याआधीच ठाऊक होतं. जेलआधी पटल विरघळवायला घालतात त्या डिटर्जंटचं तर कामच लिपिड सोडवण्याचं. मग जेलवरचा मोनोमर पानातून आला की तुमच्या नळीत तयार झाला?

यावर ठरलेलं उत्तर येतं: "वाइल्ड टाइप (म्हणजे जनुकबदल नसलेलं मूळ रोप) आणि म्युटंट एकाच दिवशी, एकाच टक्क्याच्या डिटर्जंटमध्ये केलेत." खरी गडबड इथेच आहे. टक्का सारखा असला म्हणजे प्रमाण सारखं असतं असं नाही. क्लोरोफिल ०.५ मिग्रॅ प्रति मिली आणि बीटा-डोडेसिल माल्टोसाइड हा डिटर्जंट ०.५ टक्के असेल, तर वजनाने डिटर्जंट आणि क्लोरोफिल १०:१. क्लोरोफिल प्रत्यक्षात निम्मंच असेल तर २०:१, आणि तेवढ्याने ट्रायमरची पट्टी फिकी पडू शकते. बरं, क्लोरोफिल सारखं केलंत तरी सुटका नाही. फिकट म्युटंटमध्ये प्रत्येक मिलिग्रॅम क्लोरोफिलमागे लिपिड आणि इतर प्रथिनं जास्त असतात, म्हणजे लिपिडच्या वाट्याला डिटर्जंट कमी येतो. मग पटल नीट विरघळत नाही, तळाशी हिरवा गोळा उरतो, आणि जे सुटलं तेवढंच तुम्ही जेलवर पाहता. पानाच्या वजनावर सारखं केलंत तर क्लोरोफिलमागे डिटर्जंट वाढतो. एकाच प्रमाणावर केलेली तुलना म्हणूनच मला पटत नाही. दोन्ही नमुन्यांची ५:१ पासून ४०:१ पर्यंत मालिका लावा, बर्फावर, अंधुक उजेडात, वेळ मोजून, आणि प्रत्येक वेळी तळाच्या गोळ्याचं क्लोरोफिलही मोजा. ८० टक्के ॲसिटोनमध्ये एकूण क्लोरोफिल (मायक्रोग्रॅम प्रति मिली) = १७.७६ × ६४६.६ नॅनोमीटरचं शोषण + ७.३४ × ६६३.६ चं, दोन्हींतून ७५० चं वाचन आधी वजा करा. गढूळ नमुन्यात हे वजा करायचं राहिलं की पुढची सगळी प्रमाणं चुकतात.

पूर्वी मी 'डिटर्जंट कमी करा' एवढंच सांगून थांबत असे. ते आजही खरं आहे, पण अपुरं आहे. पान वाटल्याबरोबर गॅलॅक्टोलायपेझ हे लिपिड तोडणारं एंझाइम सुटतं, घेवड्याच्या पानांत तर भरपूर. मोकळी झालेली मेदाम्लं डिटर्जंट घालण्याआधीच पटल बिघडवतात. बफरमध्ये बीएसए (मेदाम्लं धरून ठेवणारं प्रथिन) घाला, सगळं ४ अंशांवर करा, थायलाकॉइड (हरितलवकातली हीच पटलं) रात्रभर ठेवू नका. शिवाय जेलमधला कुमासी रंगही निरुपद्रवी नाही. त्याचा ऋणभार नाजूक कॉम्प्लेक्स सोडवू शकतो. क्लिअर-नेटिव्ह जेल (कुमासीशिवायचं) जोडीला लावलंच पाहिजे.

एक चाचणी मात्र सोपी असून कुणी करत नाही. विरघळलेल्या नमुन्यात ४७५ नॅनोमीटरने क्लोरोफिल-बी उत्तेजित करा. कॉम्प्लेक्स शाबूत असेल तर ऊर्जा क्लोरोफिल-ए कडे जाते आणि उत्सर्जन ६८० च्या आसपास मिळतं. ६५० ते ६६० मध्ये खांदा दिसला, तर क्लोरोफिल-बी सुटलेलं आहे. असा नमुना जेलवर चढवूच नका.

एवढं सगळं करूनही फरक टिकला, तर तो खरा आहे हे मी मान्य करते. तरीही तुम्ही दाखवलेलं असतं ते इतकंच, की म्युटंटचा ट्रायमर डिटर्जंटपुढे कमी टिकतो. पानात तो मोनोमर म्हणून होता, हे जेल सांगत नाही. अखंड थायलाकॉइडचा सीडी (डाव्या-उजव्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) घ्यावा, तर ग्रॅनातल्या (थायलाकॉइडच्या चळतींतल्या) मोठ्या मांडणीचा सिग्नल इतका प्रचंड असतो की ४७३ नॅनोमीटरजवळची ट्रायमरची खूण त्यात बुडते. मांडणी मोडून ती खूण पाहायची, तर पुन्हा डिटर्जंट आलाच. म्हणून 'अस्थिर' लिहायचंच असेल तर कशापुढे अस्थिर, किती प्रमाणाला आणि किती मिनिटांत, हे त्याच वाक्यात लिहा.