पेट्रोलवरचे ते 5 रुपये 12 पैसे

आमचे दाजी टाकळीच्या बाजूला राहतात, रोज पहाटे मोटरसायकलला दोन्हीकडं दुधाचे कॅन लटकवून सोलापुरात रतीब घालायला येतात, येणं जाणं आणि गल्ल्या फिरणं मिळून दीड लिटर पेट्रोल जातंच. टाकी भरायला मात्र भीमेचा पूल ओलांडून धूळखेडला जातात, तिथं कर्नाटक लागतं आणि लिटरमागं स्वस्त पडतं. 2021 च्या दिवाळीत केंद्राने एक्साईज, म्हणजे पेट्रोलवरचा आपला कर, 5 रुपयांनी कमी केली, कर्नाटकने त्यावर लगेच आपले 7 कमी केले, आपल्याकडं राज्याने तेव्हा काहीच केलं नाही, तेव्हापासूनची ही सवय. वाईट याचं वाटतं की मुंबईहून पाईपलाईनने तेल येतं ते सोलापूरजवळच्या आपल्या पाकणीच्या डेपोत, आणि आपलाच माणूस पेट्रोलला दुसऱ्या राज्यात जातो.

टीव्हीवर या विषयावर नुसती भांडणं. एक म्हणतो राज्याने व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा आपला कर, कमी करावा, दुसरा म्हणतो केंद्राने आधी वाढवलेलं परत द्यावं. मी हिशोब मांडून बघितला. 2020 मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं होतं तेव्हा केंद्राने पेट्रोलवर मार्चमध्ये 3 आणि मेमध्ये 10 रुपये वाढवले, नंतर 2021 ला 5 आणि मे 2022 ला 8 कमी केले, म्हणजे जे 13 घेतले तेच 13 परत दिले, त्याला मोठा दिलासा म्हणणं मला पटत नाही. आणि राज्य? त्याच मे 2022 मध्ये राज्याने 2 रुपये 8 पैसे कमी केल्याचं जाहीर केलं. अहो मुंबईत तेव्हा व्हॅट 26 टक्के होता, 8 रुपयांचे 26 टक्के काढा, बरोबर 2 रुपये 8 पैसे येतात, कर टक्क्यात असल्यामुळं ते आपोआपच उतरणार होते.

राज्याची खरी कपात जुलै 2022 ची, लिटरमागं 5 रुपये. दाजींएवढंच पेट्रोल पण इथंच भरणाऱ्या दूधवाल्याचे महिन्याला सव्वादोनशे वाचले आणि ते पेंडेला गेले, हे मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून कुणी म्हणालं पाच रुपयानं काय होतं की मला राग येतो.

पण त्यानंतरही आपल्याकडं 25 टक्के व्हॅट अधिक लिटरमागं 5 रुपये 12 पैसे राहिलेच. हे वरचे पैसे म्हणजे अधिभार. 2015 च्या दुष्काळात 2 रुपये लावले तेव्हा दाजी म्हणाले होते, "द्यायचे की, जनावरं आपलीच हायत." सोलापूरवाल्याला दुष्काळ काय सांगायचा. पण 2017 ला हायवेवरची दारू दुकानं बंद झाली आणि तो बुडालेला महसूल भरायला पेट्रोलवर आणखी 3 रुपये चढवले. दारूची तूट दूधवाल्यानं का भरायची?

2024 च्या बजेटमध्ये मुंबई, ठाणे, नवी मुंबईचे 26 टक्के 25 वर आणले, सगळीकडं सारखा दर व्हावा म्हणून. ठीक आहे, त्यांचं कमी झालं त्याचं दुःख नाही. पण सारखंच करायचं होतं तर अधिभार सगळ्यांचाच काढायचा होता ना, आणि टक्के बंद करून ठराविक रुपयात कर घ्यायचा, म्हणजे केंद्राने एक्साईज वाढवली की राज्याचा कर आपोआप फुगणार नाही.

हे सगळं मी कागदावर लिहिलंय, आमदारांना द्यायला. दाजींनी रविवारी रतीब उरकून त्यावर पहिली सही केली, दुधाचा ओला अंगठा कोपऱ्यात उमटलाय तो मी तसाच ठेवलाय.