रॅपरची देणगी आणि सरकारची जबाबदारी

हिप-हॉप कलाकारांच्या दानशूरपणाची बातमी आली की आपण आधी रक्कम पाहतो. ते पैसे मुळात कोणी द्यायला हवे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. चान्स द रॅपर या शिकागोच्या कलाकाराने ६ मार्च २०१७ रोजी तेथील सरकारी शाळांना १० लाख डॉलर जाहीर केले, तेव्हा त्याने स्वतःच तो प्रश्न चव्हाट्यावर मांडला, आणि म्हणूनच ती देणगी मला विशेष वाटते.

त्याआधीच्या डिसेंबरात इलिनॉयचे राज्यपाल ब्रूस राउनर यांनी शिकागोच्या शाळांना साडेएकवीस कोटी डॉलर देणाऱ्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा भार त्या पैशांतून उचलला जायचा होता, आणि ते न मिळाल्यास शैक्षणिक वर्ष सुमारे तीन आठवडे आधीच गुंडाळावे लागेल, असे शाळा प्रशासन सांगत होते. फेब्रुवारीत तीन ग्रॅमी पुरस्कार पटकावलेला हा तेवीस वर्षांचा तरुण राज्यपालांना भेटला, तिथून असमाधानी होऊन परतला आणि तीनच दिवसांनी दक्षिण शिकागोतील वेस्टकॉट प्राथमिक शाळेत पत्रकारांसमोर उभा राहिला. हिशेब केला तर त्याचे दहा लाख अडवलेल्या रकमेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतात. शाळांतील सुमारे ३.८ लाख विद्यार्थ्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच डॉलरच्या आसपास येतात. एवढ्याने निवृत्तिवेतनाचे भगदाड बुजणार नव्हतेच. पैसे कला शिक्षणासाठी आणि शाळा सुटल्यानंतरच्या उपक्रमांसाठी होते. पण ते जाहीर करताना त्याने राज्यपालांना त्यांच्या कर्तव्याची उघड आठवण करून दिली आणि इतरांनाही हात सैल सोडण्याचे आवाहन केले. त्याच सप्टेंबरात त्याच्या ‘सोशलवर्क्स’ या संस्थेने २२ लाख डॉलर जमल्याचे सांगितले. शहरातील हॅरल्ड वॉशिंग्टन सार्वजनिक ग्रंथालयातल्या तरुणांच्या दालनात, तिथल्या ओपन माइकवर, म्हणजे कोणालाही कला सादर करता येणाऱ्या खुल्या मंचावर, तो स्वतः घडला होता. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या जागेचे मोल त्याला कोणी पटवून देण्याची गरज नव्हती.

दानात भावनेबरोबर हिशेबही चोख लागतो. हैतीत जन्मलेल्या वायक्लेफ ज्याँ या रॅपरने २००५ मध्ये ‘येले हैती’ ही संस्था उभारली, आणि जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिच्याकडे सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर आले. मायदेशाविषयीच्या त्याच्या तळमळीवर शंका घ्यावी असे मला वाटत नाही. मात्र मदतीपेक्षा कार्यालये, प्रवास आणि सल्लागार यांवर झालेल्या खर्चाबद्दल आक्षेप आले, न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे तिथल्या प्रमुख विधी अधिकाऱ्यांनी, चौकशी केली आणि २०१२ मध्ये संस्था बंद पडली. इतका पैसा एकाएकी हाती आल्यावर तो पेलण्याइतकी यंत्रणा संस्थेजवळ नव्हती, असेच मला दिसते.

रॅपर आणि संगीत निर्माता डॉ. ड्रे याच्यावरचा आक्षेप वेगळा होता. त्याने आणि संगीत उद्योजक जिमी आयोविन यांनी २०१३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाला ७ कोटी डॉलर दिले, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष वॉल्टर किम्ब्रो यांनी विचारले की आधीच श्रीमंत असलेल्या विद्यापीठाऐवजी कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एखाद्या विद्यापीठाला हा पैसा का मिळू नये. दात्याने आपले पैसे कोठे द्यावेत हा त्याचा अधिकार असला, तरी मला किम्ब्रो यांचे म्हणणे रास्त वाटते. पुढे २०१७ मध्ये ड्रेने आपल्या कॉम्प्टन गावच्या सरकारी हायस्कूलमधील कलाकेंद्रासाठी १ कोटी डॉलर जाहीर केले. विद्यापीठाच्या देणगीपेक्षा ही रक्कम सात पटींनी लहान असली तरी मी तिलाच अधिक मान देईन, कारण तिथे शाळेच्या नव्या इमारतीसाठी करदात्यांचा पैसाही उभा राहत होता आणि ड्रेचा पैसा त्यात भर म्हणून येत होता.