लाईट गेली की रेकॉर्डिंग

आमच्या भिंतीला लागूनच पॉवरलूम आहे. सोलापुरात पूर्व भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, दिवसभर खटखट खटखट. त्यामुळे आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या तर लाईट जायची वाट बघायची, माग बंद, पंखा बंद, लॅपटॉप बॅटरीवर, आणि दाराला दोन चादरी टांगायच्या (सोलापुरात चादरींना काय तोटा).

2020 ला पहिल्यांदा केलेलं तेव्हा ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) एक छोटीशी एयूपी फाईल बनवायचं आणि खरा आवाज शेजारच्या डेटा फोल्डरमध्ये असायचा. मी शहाण्याने पेनड्राईव्हवर नुसती फाईल घेतली अन लॅपटॉप फॉरमॅट मारला. सगळ्या ओव्या गेल्या! आत्याला अजून सांगितलेलं नाही. मार्च 2021 च्या 3.0 व्हर्जनपासून सगळं एकाच एयूपी3 फाईलमध्ये असतं, आत चक्क एसक्यूलाईटचा डेटाबेस. वर्षभर आधी आलं असतं तर...

मग 2022 च्या 3.2 मध्ये रिअल टाईम इफेक्ट आले, म्हणजे ओवी चालू असतानाच इक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा कमीजास्त करायचं बटण) फिरवून बघायचा, नाही पटलं तर काढून टाकायचा, मूळ आवाजाला धक्का नाही. नॉईज रिडक्शन मात्र अजून जुन्या पद्धतीनेच, आधी नुसत्या खरखरीचा तुकडा सिलेक्ट करून प्रोफाईल घ्या मग सगळ्यावर लावा. पंख्याची एकसारखी घरघर त्याने मस्त जाते. मागाची खटखट नाही जात, ती ठोक्याठोक्याने येते ना, जास्त ताणलं तर आत्या पिंपात बसून गातेय असं वाटतं.

पण खरा आराम दिला तो पाईपवायरने, म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज सांभाळणाऱ्या नव्या सिस्टीमने. आधी आर्डर (रेकॉर्डिंगचं मोठं, स्टुडिओवालं सॉफ्टवेअर) उघडायचं म्हणजे त्याच्यासाठी जॅक ही आवाजाची सिस्टीम सुरू करा, की बाकी प्रोग्रॅमचा आवाज सांभाळणारं पल्सऑडिओ रुसलं, ब्राउझरचा आवाज गायब. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) 24.04 टाकल्यापासून दोन्ही एकत्र नांदतात. आर्डर तयार हवं तर साईटवर पैसे मागतात पण उबुंटूच्या रेपोमधून (त्याच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या साठ्यातून) फुकट मिळतं. खरं सांगू, एका आवाजाला आर्डर म्हणजे जरा जास्तच होतं, मी परत ऑडॅसिटीवरच आलो.

काल लाईट सव्वा तास गेली. अकरा ओव्या झाल्या, बारावीच्या मध्येच माग सुरू झाला, आत्या थांबली नाही म्हणून मी पण स्टॉप दाबलं नाही. ती तशीच ठेवलीय, खटखटीसकट.