साळवणच्या पुढं रेंज गेली

आज गाडीवरनं गगनबावड्याला जाऊन आलो. कोल्हापुरातनं साधारण ५५ किलोमीटर. मागच्या वर्षी हँडलवरच्या होल्डरमुळं फोनचा कॅमेरा गेला. फोटो हलू नये म्हणून आत बारीक भिंग असतं, ते इंजिनच्या थरथरीनं बिघडलं. आता दणके झेलणारा रबरी होल्डर लावलाय.

साळवणच्या पुढं रेंज गेली, पण फोनच्या नकाशावरचा निळा ठिपका सरकतच होता. जीपीएस उपग्रहावरनं चालतं, त्याला रेंज लागत नाही. नकाशा तेवढा घरातनंच फोनमध्ये उतरवून घ्या. खरंच घ्या.

वर धुकं, स्क्रीनवर पाणी, बोट लावलं तर भलतंच उघडायचं. फाट्यावर गाडी बाजूला घेतली. दुधाच्या किटल्या बांधत असलेल्या मामांना विचारलं. “घाट कुठला पायजे, करूळ का भुईबावडा?” म्हणत ते रस्त्यापर्यंत सोबत आले.