फाल्गुनातली पानं, श्रावणातली बादली

इंदूरात घरी खत करण्याची सक्ती कुणावर नाही. सकाळी कचरागाडी दारात येते, ओलं वेगळं दिलं की झालं. ते देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातं, तिथे ओल्या कचऱ्यापासून गाड्यांना चालणारा गॅस करतात. १९ फेब्रुवारी २०२२ ला उद्घाटन झालेल्या या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. त्यामुळे गाडीत टाकलं म्हणजे पाप केलं, असं काही मला वाटत नाही. पण गच्चीवर दहा-बारा कुंड्या असतील तर खत विकत कशाला आणायचं?

बहुतेकांची खताची बादली श्रावणात बिघडते. ओला कचरा रोज येतोच, कमी पडतो तो कोरडा, म्हणजे वाळकी पानं. कडुनिंब आणि पिंपळ पानं गाळतात माघ-फाल्गुनात, आणि नेमकी तेव्हा ती झाडून जाळली जातात. ती गोळा करा. हातानं चुरा, गोणीत दाबून भरा, पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा. चौघांच्या घराला पावसाळ्याचे चार महिने काढायला धान्याची तीन-चार पोती चुरा लागतो. अख्खी पानं भरू नका. जागाही फार खातात आणि बादलीत एकावर एक चिकटून थर धरतात, मग हवा खाली जात नाही.

बादली रंगाची जुनी, २० लिटरची, झाकणासकट चालते. बाजूंना दोन-दोन इंचांवर ६ मिलिमीटरची भोकं, तळाला पाच-सहा. दोन विटांवर ठेवा, खाली ताटली. तळाशी तीन इंच काड्या किंवा नारळाच्या शेंड्या, वर पानांचा चुरा, त्यावर दोन मुठी जुनं खत. खत नसेल तर अर्धी वाटी आंबट ताक. मग रोज एक वाटी ओलं पडलं की दीड वाटी चुरा. वरचा थर कायम कोरडाच दिसला पाहिजे. आठवड्यातून दोनदा काठीनं तळापासून वरखाली करायचं.

ओल किती हवी? आतली मूठभर सामग्री घेऊन घट्ट पिळा. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर उत्तम. पाणी ओघळलं तर चुरा घाला, मूठ उघडताच सगळं भुरभुर सुटलं तर पाणी शिंपडा. मे महिन्यात हेच होतं आणि मुंग्या लागतात.

वास ओळखायला शिकलं की निम्मं काम होतं. नाकाला झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, कार्बन कमी: डाळी, भाज्यांचे देठ, चहाचा चोथा खूप, पानं थोडी. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवाच नाही. सगळं उपसून एका प्लास्टिकवर तासभर पसरा, चुरा मिसळून परत भरा. पांढरी बुरशी चांगली. तपकिरी, वळवळणाऱ्या मोठ्या अळ्या दिसल्या की लोक घाबरून सगळं फेकून देतात. त्या अळ्या कचराच खातात, झाडाला काही करत नाहीत. नको असतील तर चुरा वाढवा.

चहाचा चोथा धुऊनच टाका, साखरेला मुंग्या येतात. तेलकट पोहे, तळण, दूध-दही नको. भुट्ट्याची दाणे काढलेली कणसं महिनोन्महिने तशीच राहतात, उभी चिरून बारीक करा, नाहीतर गाडीत द्या. सुताराकडचा भुसा लाकडाचाच घ्या, प्लायचा नको, त्यात गोंद असतो. आणि माळव्याची काळी माती थरांत घालायचा मोह टाळा: पावसाळ्यात ती चिकट गोळा होते आणि भोकं बुजवते.

बादली महिन्याच्या आत भरते. ती झाकून बाजूला ठेवा, दुसरी सुरू करा. खत व्हायला उन्हाळ्यात दीड-दोन महिने, थंडीत अडीच-तीन. एवढ्या छोट्या बादलीत मोठ्या ढिगासारखी उष्णता धरत नाही, त्यामुळे टोमॅटो-मिरचीच्या बिया जिवंत राहतात आणि कुंडीत उगवतात, उपटून टाका.

तयार खत काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखं वास येणारं. मूळ काही ओळखू येत असेल तर अजून कच्चं आहे. असं खत कुंडीत घातलं की ते कुजताना मुळांचंच नत्र ओढतं आणि पानं पिवळी पडतात. चाळून घ्या. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरे, वरची माती उकरून. चाळणीवर उरलेल्या काड्या पुढच्या बादलीच्या तळाशी जातात.