पेनिंगच्या गावात एक दुपार

अ‍ॅमस्टरडॅमबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. गर्दी, कालव्याकाठची सेल्फीवाली मंडळी आणि साध्या पाण्याच्या बाटलीचे अंगावर येणारे भाव. कोकेनहोफचे ट्युलिप सुंदरच, पण रांगेत इतकं ताटकळलो की फुलांपाशी पोचेपर्यंत उत्साहच मावळला. माझं मन रमलं ते आइंडहोव्हनला.

माझी भाची सई तिथून जवळच, चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत आहे. ‘मावशी, अगं इथे बघण्यासारखं काही नाही,’ असं ती निघण्याआधी फोनवर बजावत होती. मला मात्र तिथेच जायचं होतं.

भोसरीत आमचं कोटिंगचं युनिट आहे. ड्रिल, पंच, डाय यांच्यावर आम्ही टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर चढवतो, जेमतेम २-३ मायक्रॉनचा. हे काम निर्वात चेंबरमध्ये चालतं; त्याच्या पॅनेलवर आतला दाब मोजणारी दोन गेज आहेत, एक पिरानी आणि दुसरं पेनिंग. सकाळी पंप लावला की थोड्या वेळाने पोरं विचारणारच, ‘मॅडम, पेनिंग चालू करू का?’ ते ज्याचं नाव, तो फ्रान्स मिशेल पेनिंग आइंडहोव्हनलाच, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करायचा.

स्ट्राइप-एस हे मुख्य स्टेशनपासून एकच स्टेशन. एकेकाळी इथे फिलिप्सच्या माणसांखेरीज कुणाला प्रवेश नव्हता, म्हणून गावकरी या भागाला ‘निषिद्ध शहर’ म्हणत. आता तिथे फ्लॅट आहेत, स्केटिंग करणारी पोरं आहेत, आणि १९२३ मध्ये आइन्स्टाइन ज्या प्रयोगशाळेला भेट देऊन गेले त्या नॅटलॅबच्या इमारतीत सिनेमागृह आणि कॅफे आहे. कॉफी झकास होती. तरी त्या भिंतींच्या आत पॉपकॉर्नचा वास यावा, हे मला लागलंच.

मग फिलिप्स म्युझियम. १८९१ मध्ये जिथे दिवे बनायला लागले त्याच कारखान्याच्या इमारतीत ते आहे. बाकावर टेकलो तेव्हा सईने विचारलं, ‘पण या पेनिंगने केलं काय?’

मी सांगू लागले. हवा जवळजवळ काढून घेतलेल्या भांड्यात थोडा आर्गॉन सोडून व्होल्टेज दिलं, तर इलेक्ट्रॉन सरळ अ‍ॅनोडकडे पळतात. वाटेत अणू इतके विरळ की टक्करच होत नाही, आणि डिस्चार्ज, म्हणजे वायूतून वाहणारी वीज, विझतो. पेनिंगने १९३६ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्र लावलं की हेच इलेक्ट्रॉन घाण्याच्या बैलासारखे फिरत राहतात, टकरा वाढतात आणि अगदी कमी दाबातही प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला वायू, टिकून राहतो. आर्गॉनचे आयन जड, ते चुंबकाला फारसे जुमानत नाहीत. ते थेट कॅथोडवर आदळतात आणि त्यातले अणू उडवतात. उडालेले अणू समोरच्या ड्रिलवर बसतात. त्यासाठी त्याला १९३९ मध्ये अमेरिकन पेटंटही मिळालं. आम्ही वापरतो तो सपाट मॅग्नेट्रॉन, म्हणजे मागे चुंबक बसवलेला सपाट कॅथोड, मात्र पुष्कळ नंतरचा, १९७४ च्या सुमाराचा, जॉन चॅपिनचा.

शेजारी उभे असलेले एक सत्तरीपुढचे गृहस्थ हे ऐकत होते. मराठी त्यांना काय कळणार, पण ‘पेनिंग’, ‘आर्गॉन’, ‘मॅग्नेट्रॉन’ कळलं असणार. ते फिलिप्समधूनच निवृत्त झालेले. इंग्रजीत त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘किती प्रेशरवर चालवता?’

कुठल्या गावाहून आलात, हॉलंड आवडलं का, यातलं काही नाही. मी म्हटलं, ‘३ गुणिले १० चा उणे ३ घात.’ ‘मिलीबार ना?’ ‘मिलीबार.’ त्यांनी समाधानाने मान हलवली, आणि त्या सबंध प्रवासात मला पहिल्यांदा कुणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

मी मोबाइलवर आमच्या झिजलेल्या टार्गेटचा, म्हणजे ज्यातले अणू उडतात त्या कॅथोडवरच्या पाटीचा, फोटो दाखवला. राखाडी टायटॅनियमची पाटी, तिच्यावर बोट बसेल एवढा लांबट गोल चर. चुंबकांमुळे प्लाझ्मा त्याच वाटेवर दाटतो, म्हणून धातूही तिथलाच जातो. त्यांनी फोटो मोठा करून चराच्या कडा न्याहाळल्या. ‘मधला भाग वायाच जातो,’ ते हळहळले. जातोच. चर आरपार व्हायच्या आत पाटी काढावी लागते, आणि महागाचा बराचसा धातू भंगारात जातो. हे दुःख सांगायला मला भोसरीबाहेर कुणी मिळालं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं की दिव्यांच्या धंद्यात धातू असा उडणं म्हणजे शत्रू. ट्यूबलाइटची टोकं काळी पडतात, त्यामागे हेही एक कारण. ‘तुम्ही ज्याचे पैसे घेता ते थांबवण्यात आमची हयात गेली,’ ते म्हणाले, आणि आम्ही तिघंही मनापासून हसलो.

पुढे आर्गॉनसोबत सोडायच्या नायट्रोजनवर आलो. तो कमी पडला की थर फिकट, जास्त झाला की तांबूस, आणि गिऱ्हाइकाला हवा असतो नेमका सोन्याचा रंग. त्यांनी आमच्या पंपांची चौकशी केली, तेल किती दिवसांनी बदलता तेही विचारलं. म्युझियम बंद व्हायची वेळ झाली, निम्मे दिवे बघायचे राहिले. सईला त्याची चुटपुट लागली, मला अजिबात नाही.