खोक्यात पुस्तिका नव्हती, म्हणून मीच लिहिली

गिटारच्या आवाजाचा प्रतिध्वनी करणाऱ्या नव्या डिले पेडलच्या खोक्यातून दोन कागद निघाले. एक घडीघडीचा, उलगडला तर हातभर लांब: पाण्याजवळ वापरू नका, उघडू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका, आणि हेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या भाषांत. दुसरा पत्त्याएवढा कार्डाचा तुकडा. त्याच्या एका बाजूला पेडलचं चित्र आणि नॉबांची नावं, जी पेडलवर छापलेलीच आहेत. मागे क्यूआर कोड. कायद्यासाठी द्यावं लागतं ते सविस्तर, आणि वाजवणाऱ्याला हवं ते कोडाच्या पलीकडे.

पेडलवर नॉब चार, फुटस्विच दोन, बाजूला एक जादा जॅक. वरून साधं दिसतं. पण डावा स्विच दाबून धरला की नॉबांचं काम बदलतं, उजवा धरला की आणखी बदलतं, आणि पॉवर देताना धरला तर तिसरंच काहीतरी सुरू होतं. हे सगळं एका छोट्या दिव्याच्या रंगावरून ओळखायचं.

इथे मला उलटा न्याय दिसतो. एमएक्सआर कंपनीचं फेज 90 हे 1974 चं पेडल, त्यावर एकच नॉब, वेगाचा. त्याला पुस्तिका नसती तरी कुणाचं अडलं नसतं. बॉस कंपनीची छोटी पेडलं 1977 पासून आली, त्यांना दोन-तीन नॉब. तरी त्यांच्यासोबत घडीचा कागद यायचा. प्रत्येक नॉब काय करतो, कोणत्या सुरासाठी तो कुठे ठेवावा याची चित्रं, आणि शेवटी करंट किती लागतो, इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत रोध) किती, हे आकडे. रोलंडच्या आरई-201 स्पेस एको या टेपवर चालणाऱ्या यंत्राला 12 घरांचा मोड सिलेक्टर आहे: 1 ते 4 नुसता एको, 5 ते 11 एको आणि रिव्हर्ब (मोठ्या खोलीतला घुमारा) एकत्र, 12 वर फक्त रिव्हर्ब. तिथे कोष्टकाशिवाय गत्यंतर नाही. पण निदान तो सिलेक्टर डोळ्यांना दिसतो. आताच्या पेडलांत अशी घरं दिसत नाहीत, ती आत लपलेली असतात. जिथे लपवाछपवी जास्त, तिथेच कागद कमी.

मग कामाला लागलो. आधी वीज. पेडलच्या अंगावर 9 व्होल्ट डीसी आणि मधलं टोक निगेटिव्ह असल्याची खूण होती. करंट किती, ते कुठेच नाही. अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शनला काही मिलीअँपिअर पुरतात, डिजिटल डिले-रिव्हर्बला मात्र शंभर ते तीनशे किंवा जास्तही लागतात, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. पॉवर सप्लायची करंटची क्षमता गरजेपेक्षा जास्त असली तर बिघडत नाही, पेडल लागेल तेवढाच ओढतं; व्होल्टेज मात्र जास्त चालत नाही. म्हणून सप्लायच्या सगळ्यात दणकट आउटपुटवर लावलं, एका जुन्या डीसी केबलची तार कापून मल्टीमीटर सिरीजमध्ये घातला आणि बघितलं. साधारण 170 मिलीअँपिअर. कार्डावर हे लिहायला किती जागा लागली असती?

तेच पेडल एकाच आउटपुटवरून अनेक पेडलांना वीज देणाऱ्या साखळी केबलने बाकीच्या पेडलांबरोबर जोडलं तेव्हा मागे बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आतल्या डिजिटल घड्याळाचा गोंगाट सामाईक ग्राउंडवरून सगळीकडे पसरतो, वेगळ्या आयसोलेटेड (बाकीच्यांपासून तोडलेल्या) आउटपुटवर घेतलं की जातो. हेही मला आधीपासून माहीत होतं म्हणून निभावलं. नवशिक्याने अ‍ॅम्प दुरुस्तीला टाकला असता.

मग क्यूआर कोड. तो थेट पीडीएफकडे नेत नाही, उत्पादनाच्या पानाकडे नेतो, आणि ते पान आता सुधारित आवृत्तीचं झालेलं. तिथली पीडीएफ म्हणते, उजवा स्विच धरून ठेवा, आवाजाची पुनरावृत्ती अखंड चालू राहील. माझ्याकडे तसं केल्यावर डिलेचा वेग निम्मा होतो. दोन्ही खरं असावं, फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) वेगळं. शेवटी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच पानाची जुनी प्रत सापडली, आणि नशिबाने तिच्यातली पीडीएफही जतन झालेली होती. तिच्यात माझ्या पेडलशी जुळणारं बरंचसं निघालं.

पण पीडीएफ वाचायची कशी, हा प्रश्नच आहे. गिटार गळ्यात, एक पाय डाव्या स्विचवर, वाकून एका हाताने नॉब फिरवायचा, दुसऱ्या हाताने तार छेडायची. फोनची स्क्रीन नेमकी तेव्हाच विझते. कागद निदान जमिनीवर पसरून पडतो आणि पसरलेलाच राहतो. (हे लिहिताना हेही कबूल करायला हवं की पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो, अक्षर मोठं करता येतं. जुन्या पुस्तिकांची मुंगीएवढी अक्षरं मला आता वाचवत नाहीत.)

पीडीएफमध्ये नसलेलं स्वतः काढायचं ठरवलं. त्यासाठी फॅक्टरी रीसेट कसा करायचा ते आधी माहीत हवं, नाहीतर एक गोष्ट बदलताना दुसरी कधी बदलली ते कळत नाही. रीसेट जुन्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर होता. मग वहीत कोष्टक आखलं: आडवे चार नॉब, उभे रकाने, काही न धरता, डावा धरून, उजवा धरून, दोन्ही धरून. एका वेळी एकच घर तपासायचं, लिहायचं, रीसेट करायचं. कंटाळवाणं काम आहे, पण कान लावून बसलं की गंमत वाटू लागते. डावा धरून मिक्सचा (मूळ आवाज आणि प्रतिध्वनी यांच्या प्रमाणाचा) नॉब फिरवला तर सुरुवातीला काहीच फरक वाटला नाही. पेडल बंद केल्यावर कळलं की तो नॉब आता शेपटीचा आहे: एका टोकाला पेडल बायपास (बंद) करताच प्रतिध्वनी तुटतो, दुसऱ्या टोकाला मागे विरत जातो. हे नुसतं वाजवून कधीच कळलं नसतं, बंद करूनच कळायचं.

टाइम नॉबवर आकडे नव्हते. पेडलचा आउटपुट कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड केला, तारांवर तळवा ठेवून एकच ‘टक्’ वाजवला, आणि वेव्हफॉर्मवर एका टोकापासून पुढच्या टोकापर्यंतचं अंतर मोजलं. नॉब बारा वाजता म्हणजे निम्मी वेळ असेल असं वाटतं, तसं नाही. पूर्ण फिरवल्यावर 1200 मिलिसेकंद, पण बाराच्या काट्यावर जेमतेम 310. नॉबचा पहिला अर्धा भाग बारीक फरकांसाठी राखलेला आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात तो धावत सुटतो. टेम्पो मिनिटाला 120 ठोके असेल तर पाव सुराला (एका ठोक्याला) 500 मिलिसेकंद लागतात (60,000 ला 120 ने भागायचं), डॉटेड एट्थला (त्याच्या पाऊणपट) 375. ते 375 नॉबवर नेमकं कुठे येतं, तिथे मी पांढऱ्या पेनाने टिंब केलं.

सगळ्यात जास्त वेळ बाजूच्या जॅकने खाल्ला. त्यात एक्सप्रेशन पेडल (पायाने मागेपुढे दाबून एखादा नॉब चालवायचं पेडल) लागतं एवढं पीडीएफ सांगते. कसलं, ते सांगत नाही. माझं लावलं तर टाच जरा उचलताच बोटभर अंतरात सगळा बदल उरकायचा, पुढे चवडा कितीही दाबा, काही नाही. ही लक्षणं वायरिंग उलट असल्याची. एक्सप्रेशन पेडल म्हणजे आत साधा पोटेंशिओमीटर (रोध कमीजास्त करायचा भाग), बहुतेक 10 किलोओहमच्या आसपासचा, आणि प्लगला जोडलेल्या तीन तारा: टिप (टोक), रिंग (मधलं कडं), स्लीव्ह (बुंधा). सरकणारा संपर्क, म्हणजे वायपर, रोलंडच्या ईव्ही-5 मध्ये टिपवर असतो, यामाहाच्या एफसी7 मध्ये रिंगवर. जॅकला काय हवं ते जॅकलाच विचारलं: स्टिरिओ केबल खोचली, मोकळ्या टोकाला मीटर लावला. स्लीव्हच्या तुलनेत रिंगवर स्थिर 3.3 व्होल्ट, टिपवर जवळपास शून्य. म्हणजे पेडल रिंगवरून व्होल्टेज देतं आणि टिपवरून वाचतं. वायपर टिपवर हवा. माझा रिंगवर होता. काही एक्सप्रेशन पेडलांना खाली पोलॅरिटीचा खटका असतो, माझ्याला नाही. टिप आणि रिंगची अदलाबदल करून एक केबल डागली, तिला लाल टेप गुंडाळला, प्रश्न मिटला.

पुस्तिका का आटल्या हे मला कळतं. फर्मवेअर बदलतं, छापलेला कागद शिळा होतो. अनेक भाषांत छापणं खर्चाचं, खोकी लहान झाली, आणि कित्येक पेडलं दोन-चार माणसं मिळून बनवतात. हे सगळं मान्य. पण करंट किती, जॅकचा वायपर कुठे, इनपुट इम्पीडन्स किती, हे फर्मवेअरने बदलत नाही. ते सोल्डरने ठरलेलं असतं. बदलणारं खुशाल वेबसाइटवर ठेवा, न बदलणारं कार्डाच्या मागे छापा. क्यूआर कोडाशेजारी जागा भरपूर आहे. मिडीचंच (वाद्यांनी आणि यंत्रांनी एकमेकांना सूचना द्यायची पद्धत) बघा: छोट्या स्टिरिओ जॅकवरून मिडी देताना दोन वायरिंग चालत होती, ए आणि बी. 2018 मध्ये ए प्रकार मानक ठरला, पण आधीची बी प्रकारची पेडलं अजून वापरात आहेतच. ‘टाइप ए’ हे दोन शब्द छापायचे की नाही, एवढाच प्रश्न.

जुन्यातलं मला सगळ्यात आवडायचं ते वेगळंच. लाइन 6 कंपनीच्या 1999 च्या डीएल4 या डिले पेडलसोबतच्या पुस्तिकेत प्रत्येक डिले कोणत्या जुन्या यंत्रावरून घेतलाय, ते यंत्र कसं वागायचं, हेही लिहिलेलं होतं. त्या नॉबमागे काय कल्पना होती हे कळलं की हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. माझ्या कागदावर तसलं काही नाही, फक्त आकडे आणि कोष्टक. कंपनीच्या माणसाच्या डोक्यात काय होतं ते मीटरने मोजता येत नाही.

दोन पानं झाली. ती लॅमिनेट करून पेडलबोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवली. कोष्टकातलं एक घर मात्र भरत नव्हतं: दोन्ही स्विच धरून तिसरा नॉब. दिवा जांभळा व्हायचा आणि आवाजात काहीच बदल नाही. कंपनीला मेल केला. उत्तर सभ्य आणि लगेच आलं: तो कारखान्यातल्या तपासणीचा मोड आहे, ग्राहकांसाठी नाही, आणि तो वापरून सेटिंग साठवली तर कॅलिब्रेशन (कारखान्यात जुळवलेली मापं) पुसलं जाऊ शकतं. त्या घरात आता लाल अक्षरांत ‘हात लावू नये’ असं आहे.